खोगीरभरती

विजापूर पंचवीसेक किलोमीटरवर आलं होतं. सरळ रस्ता, दोन्हीकडे कापणीला आलेली ज्वारी, आणि माझ्या उजव्या खांद्यावर मागून दोन थापा पडल्या. मोटरसायकलवरच्या आमच्या सत्तावीस वर्षांच्या भाषेत दोन थापांचा अर्थ ‘थांबा’. मी गाडी कडेला घेतली. बायको उतरली, कमरेवर हात ठेवून थोडी मागे वाकली, हेल्मेट काढलं आणि शांतपणे म्हणाली, “अहो, तुम्ही हंपी बघून या. मला विजापूरहून सोलापूरची बस मिळेल.”

मला वाटलं ती चिडलीय. तसं नव्हतं, तिनं विचार करून ठरवलं होतं. आदल्या पावसाळ्यात तिच्या कमरेचा एमआरआय झाला होता, चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती थोडी बाहेर आलेली होती. डॉक्टरांनी गाडीवर बसायला मनाई केली नव्हती. ‘नीट बसा आणि तासाला उतरा’ एवढंच सांगितलं होतं. तासाला आम्ही उतरत होतो. नीट बसणं मात्र तिच्या हातात नव्हतं, कारण ज्यावर बसायचं ते तिनं निवडलेलं नव्हतं. “आधी का नाही बोललीस?” मी विचारलं. “दर वेळी बोलले. तुम्ही म्हणायचात, सवय होईल.”

त्या दिवशी दोघंही परत फिरलो. पुढच्या चौदा महिन्यांत मोटरसायकलच्या सीटबद्दल मी जे वाचलं, मोजलं, विकत घेतलं आणि काढून टाकलं, त्याचा हा हिशेब. तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं, स्प्रिंगची शेकडो उदाहरणं फळ्यावर सोडवली. घरचं माणूस ज्या स्प्रिंगवर बसतं ती मात्र एकदाही तपासली नाही, हे आधीच कबूल करतो.

बैठकीत काय भरलंय, हा विषय आपल्या भाषेला फारसा सन्मानाचा वाटत नाही. घोड्याच्या पाठीवर घालायची जाड गादी म्हणजे खोगीर. शब्द फारसीतला, आणि मुळात त्याचा अर्थ घाम टिपणारा असा. तिच्या पोटात हाताशी येईल ते कोंबायचं, म्हणून निरुपयोगी भरताडाला आपण खोगीरभरती म्हणू लागलो. दिवाळी अंकांच्या परीक्षणात हा शब्द हटकून भेटतो. घोड्याला विचारलं असतं तर त्यानं या भरतीबद्दल इतक्या हलकेपणानं बोलू दिलं नसतं. ती चुकली की त्याच्या पाठीला व्रण पडतात, आणि मग स्वाराला पायी जावं लागतं. इंग्रजीतला ‘पिलियन’ हा शब्द आणखी बोलका आहे. लॅटिनमधल्या ‘कातडी’ या अर्थाच्या शब्दापासून निघून गेलिक भाषेतून तो इंग्रजीत आला, आणि मोटरसायकल जन्मण्याच्या कितीतरी आधी तो पुरुषाच्या खोगिरामागे बाईसाठी बांधलेल्या गादीचं नाव होता. खोगीर त्याचं, मागे बांधलेली गादी तिची. मराठीनं ‘डबलसीट’ हा जास्त समतेचा शब्द काढला खरा, पण सीट करणाऱ्यांच्या डोक्यात बराच काळ जुनाच शब्द राहिला असावा.

सुरुवातीच्या मोटरसायकलींवर सायकलचंच खोगीर असे, फक्त मोठं. ताणून बसवलेलं कातडं आणि खाली दोन जाडजूड स्प्रिंगा. बर्मिंगहॅमच्या ब्रूक्स कंपनीची खोगिरं सायकलवाल्यांना आजही ठाऊक आहेत. रेडिच गावातल्या हर्बर्ट टेरी यांच्या कारखान्यातली खोगिरं मोटरसायकलींवर चालत; टेबलावर कोपरातून वाकणारा ‘अँगलपॉइज’ दिवा याच स्प्रिंगवाल्यांनी पुढे बाजारात आणला. त्या काळी गाडीच्या मागच्या चाकाला स्प्रिंग नसायचीच, चाक थेट सांगाड्याला जोडलेलं. म्हणून धक्का पचवण्याचं सगळं काम खोगिरानं करायचं. मागे बसणाऱ्याला चिखलपंख्यावर ठोकलेली एक गादी मिळायची.

दुसऱ्या महायुद्धानंतर मागच्या चाकाला झुलता दांडा आणि स्प्रिंगा आल्या. रेडिचच्याच रॉयल एनफिल्डची १९४९ मध्ये बाजारात आलेली बुलेट त्या पिढीतली. १९५५ पासून ती मद्रासेत जुळू लागली. चाकाखालचा धक्का आता स्प्रिंगा पचवत होत्या, तेव्हा खोगिराला स्प्रिंगा कशाला? दोघांसाठी एकच लांब, सपाट गादी पुरे झाली. तिच्यात भरायला फेसाळलेलं रबर तयार होतंच. डनलॉपच्या प्रयोगशाळेत १९२९ मध्ये रबराचा चीक घुसळून, फेसासकट भाजून ‘डनलॉपिलो’ तयार झालं होतं. १९४६ च्या व्हिन्सेंट रॅपिडवरची जोडसीट त्याचीच होती. पुढे १९५० च्या दशकात पॉलियुरेथेनचा मऊ फोम आला, स्वस्त आणि कुठल्याही साच्यात फुगणारा. त्यानंतर सीटचा आकार बसणाऱ्याच्या शरीरापेक्षा गाडीच्या रूपावर ठरू लागला, असं माझं मत आहे. शेपटीकडे निमुळती होत वर चढणारी सीट दिसायला झोकदार असते. त्या निमुळत्या टोकावर कोण बसणार, हे चित्र काढणाऱ्याला दिसत नाही.

आता मागच्या जागेचं गणित बघा. दोन चाकांमध्ये साधारण १.४ मीटर अंतर. चालवणारा या अंतराच्या मध्याजवळ बसतो, मागचा माणूस जवळजवळ मागच्या आसावर. मागचं चाक खड्ड्यातून उसळलं आणि स्प्रिंगांनी पचवूनही सांगाडा तिथे चार सेंटीमीटर उचलला गेला, तर मागचा माणूस चार सेंटीमीटर उचलला जातो, पुढचा दोनच. पुढच्याला खड्डा आधी दिसतो. तो पायांवर भार घेऊन किंचित उठतो. मागच्याला समोर एक हेल्मेट दिसतं. शिवाय मागच्याचे पायटे उंच असतात, त्यामुळे गुडघे जास्त वाकतात आणि मांड्या वर येतात.

हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ओमाहाचे डॉक्टर कीगन यांनी १९५३ मध्ये कुशीवर झोपवलेल्या माणसांची मांडी वेगवेगळ्या कोनांत वाकवून कण्याची क्ष-किरण चित्रं घेतली. धड आणि मांडी यांच्यात साधारण १३५ अंशांचा कोन असताना कमरेचा नैसर्गिक बाक टिकतो. मांडी जसजशी पोटाकडे येते तसतसं मांडीमागच्या स्नायूंच्या ओढीनं कटिबंध मागे वळतो आणि कमरेचा बाक सपाट होतो. बाक सपाट झाला की मणक्यांमधल्या चकत्या पुढून दाबल्या जातात आणि मागून ताणल्या जातात. म्हणजे जागा अरुंद, धक्का दुप्पट, सूचना शून्य आणि कंबर आधीच वाकवून ठेवलेली. मी त्यावर ‘सवय होईल’ म्हणत होतो.

पहिली खरेदी मी चुकीची केली. जाहिरातीत ‘टूरिंग’ असं लिहिलेली, जेल भरलेली तयार सीट मागवली. दुकानदाराचं नाव लिहीत नाही, चूक माझीही होती. घरासमोर बसून पाहिलं तेव्हा लोण्यात बसल्यासारखं वाटलं. पण मी पुढे बसलो होतो. मागचा भाग मूळ सीटइतकाच अरुंद होता, वर फक्त शिवणीची नक्षी. एप्रिलमध्ये साताऱ्याजवळ चहाला थांबलो, गाडी उन्हात. परत बसलो आणि दोघंही उडालो. जेल उष्णता धरून ठेवतं, तव्यासारखं.

त्या लोण्याबद्दल जरा विस्तारानं सांगायला हवं, कारण जवळजवळ सगळे तिथेच फसतात. आपण बसतो ते मांसावर असं वाटतं, पण भार पेलतात कटिबंधाच्या तळाची दोन हाडं. पालथ्या वाटीसारख्या या दोन टोकांमधलं अंतर साधारण १० ते १३ सेंटीमीटर, बायकांमध्ये सरासरीनं थोडं जास्त. मऊ फोमवर बसलं की पहिली काही मिनिटं भार सगळीकडे पसरतो आणि सुख वाटतं. मग फोममधली हवा निघते, हाडं खाली जातात आणि शेवटी सीटच्या तळाच्या कडक पत्र्याला टेकतात. ज्या भागावर भार नको, म्हणजे माकडहाड आणि मांडीची आतली बाजू, तिथे मऊ फोम बाजूंनी वर येऊन दाबतो. दुकानातली पाच मिनिटं म्हणूनच खोटं बोलतात. चोवीस तासांत हजार मैल जाणारे अमेरिकन हौशी लोक कडक सीट पसंत करतात, हे वाचलं तेव्हा मला तो त्यांचा आडदांडपणा वाटला होता.

फोमचे दोन गुण वेगळे आहेत आणि बाजारात त्यांची सर्रास गल्लत होते. घनता म्हणजे एका घनमीटरमध्ये किती किलो माल आहे. दुकानात ३२, ४० असे आकडे ऐकू येतात ते हेच. त्यावरून फोम किती वर्षं टिकेल याचा अंदाज येतो. कडकपणा मोजण्याची रीत निराळी. १५ इंच लांबी-रुंदीचा, ४ इंच जाड तुकडा घ्यायचा, त्यावर ८ इंच व्यासाची गोल तबकडी ठेवायची आणि तो एक इंच दबायला किती बळ लागतं ते पाहायचं. जड फोम मऊ असू शकतो, हलका फोम कडक. आणखी एक जात आहे, दाबल्यावर सावकाश वर येणारी. चार्ल्स योस्ट यांनी १९६६ मध्ये नासासाठी केलेल्या कामातून ती निघाली. गादीच्या दुकानात ती अंतराळवीरांच्या नावानं विकतात. पण ती तापमानावर चालते, विदर्भातल्या उन्हाळ्यात पातळ पडते आणि स्पितीत सकाळी विटेसारखी होते.

दुसरी चूक पाठीची. सीटमागे लोखंडी कमान आणि वर एक उभी, देखणी गादी बसवून आणली. बायको टेकली, आणि गादी बरोबर तिच्या खांद्यांच्या पात्यांवर आली. खांदे मागून अडले, कंबर मात्र पोकळीत लोंबत राहिली. पूर्वी ती निदान सरळ बसायची, आता पोक काढून बसू लागली. स्वीडनचे डॉक्टर ओकरब्लोम यांनी १९४८ मध्येच सांगून ठेवलं होतं की पाठीला आधार हवा तो खाली, कमरेच्या खळगीत. त्याच देशातल्या नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून दाब मोजला. आधाराशिवाय बसल्यावर तो उभं असतानापेक्षा जास्त भरला. १९९९ मध्ये जर्मनीत विल्के यांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीत संवेदक बसवून मोजलं, तेव्हा सैल बसण्यातला दाब इतका वाईट निघाला नाही. या दोन निष्कर्षांवर तज्ज्ञ अजून वाद घालतात. मागे टेकलं की दाब उतरतो, यावर मात्र त्यांचा वाद नाही. टेकायचं कुठे, एवढाच प्रश्न.

यानंतर मी खरेदी थांबवली आणि वही केली. तिच्यावर बायकोनं नाव घातलं ‘चुळबूळ’. निघाल्यापासून तिला पहिल्यांदा जागेवर सरकावंसं वाटलं की ती माझ्या पाठीवर एक थाप मारायची, थांबल्यावर मिनिटं लिहायची. मूळ सीटवर पस्तीस मिनिटं. जेलच्या महागड्या सीटवर चाळीस.

या वहीनंच मला सगळ्यात लाजिरवाणा शोध लावून दिला. मागच्या शॉकअॅब्सॉर्बरच्या स्प्रिंगखाली एक खाचांचं कडं असतं. एकटा माणूस असेल तर पहिली खाच, दोघं आणि सामान असेल तर कडं फिरवून वरची खाच, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबलेली राहते. आमचं कडं पहिल्या खाचेवर होतं. गाडी घेतल्यापासून. दोघांच्या भारानं स्प्रिंग निम्मी वाट आधीच संपवून बसत होती आणि मोठ्या खड्ड्यात तळाला आपटत होती. गाडीबरोबर आलेला हुकासारखा पाना पिशवीत कोराच पडला होता. कडं वर घेतलं, टायरची हवा दोघांसाठी सांगितलेल्या आकड्यावर आणली, आणि काहीही विकत न घेता वहीत पन्नास मिनिटं लागली. हजारो विद्यार्थ्यांना हूकचा नियम शिकवलेल्या माणसानं याहून जास्त लिहू नये.

मग घरी, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, खोक्याचा पन्हळी पुठ्ठा ठेवून तिला बसवलं. पाय थोडे वर घेऊन पुढे वाकलं की पुठ्ठ्यात दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांमधलं अंतर पट्टीनं मोजायचं. तिचं साडेबारा सेंटीमीटर आलं. मूळ सीटचा मागचा भाग जिथे ती बसायची तिथे इतका गोल उतरता होता की दोन्ही हाडं सपाटीवर नव्हे, उतारावर टेकत होती.

हा पुठ्ठा घेऊन आम्ही नाना पेठेतल्या एका कुशनवाल्याकडे गेलो. वय साठीपुढे, तोंडात सुपारी, दुकान म्हणजे फुटपाथला लागून दोन पत्रे. त्यानं मला विचारलं, “साहेब, मागे कोण बसतं?” इतक्या महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला. “ताई, तुम्ही बसा. पंधरा मिनिटं उठायचं नाही.” मग तो दुसऱ्या कामाला लागला. पंधरा मिनिटांनी तिच्या सीटखाली हात घालून दाबून बघितलं, पुठ्ठा उलटसुलट केला, हसला आणि म्हणाला, “भरती चुकलीय.”

त्यानं मूळ सीटचा तळ ठेवून वरचं सगळं सोललं. तळाला त्यानं रीबॉन्डेड फोम घातला. कारखान्यातल्या कापाकापीचे रंगीबेरंगी तुकडे चिकटवून, दाबून केलेली ही पाटी, अक्षरशः खोगीरभरती. स्वस्त, जड, कडक. हाडं पत्र्यापर्यंत जाऊ न देण्याचं काम तीच करते. तिच्यावर मध्यम कडक फोमचा थर, सगळ्यात वर बोटभर मऊ. थरांना सोल्युशन लावून सुकू दिलं आणि मग करवतीच्या पात्यानं आकार काढला. मागचा भाग चार सेंटीमीटर रुंद, बसायची जागा सपाट, पुढे घसरवणारा उतार काढून टाकला, माकडहाडाखाली बोटभर खोल चर, आणि मांडीखालची धार गोल. वर रेग्झिन, शिवण बसण्याच्या जागेबाहेर. सीट दोन सेंटीमीटर उंच झाली. पुढचा भाग त्यानं मुद्दाम आहे तसा ठेवला. माझे पाय जमिनीला नीट टेकत होते, ते त्याला बिघडवायचे नव्हते. खर्च जेलच्या सीटच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी.

पायटे खाली घेण्याचं काम लेथवाल्याचं. चार सेंटीमीटर खाली आणणाऱ्या दोन पट्ट्या त्यानं करून दिल्या. वळणात गाडी झुकवून ते रस्त्याला घासत नाहीत ना, हे आधी मोकळ्या मैदानात पाहिलं. चार सेंटीमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण तिच्या गुडघ्याचा कोन बघता बघता उघडला आणि ती म्हणाली, “आता श्वास घ्यायला जागा झाली.”

पाठीची गादी नव्यानं केली. ती बसल्यावर, फोम दबल्यानंतर, तिच्या पट्ट्याच्या रेषेवर मध्य येईल इतकी खाली. आडवी रुंद, किंचित मागे कललेली, आणि सरळ बसलं असताना पाठीपासून दोन बोटं लांब. टेकलं तरच लागावी, एरवी ढकलू नये. ढकलणारी पाठ माणसाला पुढे सारते आणि बसण्याची जागा हुकते. कमान गाडीच्या सांगाड्याला बोल्टनं बसवली, मागच्या दिव्याच्या पट्टीला नव्हे. शिवाय ती इतकी मागे नको की बसणारा आसाच्या मागे जाईल. तिथला प्रत्येक किलो पुढचं चाक हलकं करतो आणि हँडल पोकळ लागतं. पाठ असण्याचा मला न सुचलेला फायदा तिनं सांगितला. वेग घेताना मागे पडण्याची धास्ती गेली, त्यामुळे कडी आवळून धरलेले तिचे हात सुटले. तिचे खांदे दुखायचे ते या कडीमुळे, हेही तेव्हाच कळलं.

हवेच्या उशीचा प्रयोगही केला. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये रॉबर्ट ग्रेब या विद्युत अभियंत्यानं चाकाच्या खुर्चीत दिवस काढणाऱ्यांना व्रण होऊ नयेत म्हणून एकमेकांना जोडलेल्या हवेच्या कप्प्यांची उशी केली. तिचीच भावंडं आज मोटरसायकलवर दिसतात. मित्राची आणली. लोक ती फुग्यासारखी टम्म फुगवतात, तिथेच चुकतं. हाडाखाली दोनेक सेंटीमीटर जागा उरेल एवढीच हवा हवी. पुण्यात भरलेली हवा लडाखच्या खिंडीत बाहेरचा दाब कमी झाल्यानं फुगते, वाटेत थोडी सोडावी लागते. चुळबुळीची मिनिटं वाढली, पण वळणावर अंग डोलायचं. “डोहात बसल्यासारखं वाटतं,” म्हणून तिनं परत केली. ज्यांचं दुखणं फक्त हाडांचं असेल त्यांना मी ती जरूर सुचवेन.

एक गोष्ट सुटली नाही. साडी नेसून एका बाजूला बसण्याची. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागच्या माणसासाठी धरायला कडी, पायटा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं चाक झाकणारं आवरण मागतो. आपलं साडीगार्ड ते हेच. तो नियम माणूस पडू नये, पदर अडकू नये एवढं पाहतो. कमरेचं त्यात काही नाही, आणि एका बाजूला बसण्यात कंबर वळते, एकच पाय टेकतो, भार एका हाडावर येतो. दुखऱ्या चकतीला याहून वाईट बैठक मला माहीत नाही. तरी घरातलं लग्न असेल आणि कार्यालय दोन किलोमीटरवर असेल, तर ती तशीच बसते, आणि मी काही बोलत नाही. त्या वेळी पाठीची कमान बरगडीत टोचते, म्हणून ती दोन खिळींवर निघेल अशी केली आहे. खिळी तिच्या पर्समध्ये असतात.

यंदा जानेवारीत पुन्हा निघालो. सोलापूरला मुक्काम, सकाळी विजापूरचा रस्ता. पंचवीसेक किलोमीटर उरले तेव्हा मी गाडी कडेला घेतली, थाप पडली नसताना. उतरलो, कमरेवर हात ठेवून मागे वाकलो. तिनं सीटवर बसूनच पर्समधून वही काढली, घड्याळ पाहिलं आणि नवं पान उघडून वर माझं नाव लिहिलं. पुढे आकडा घातला, पंचावन्न मिनिटं. “परत गेल्यावर त्या चाचांकडे जाऊ,” ती म्हणाली, “आता पुढचं सोलायला सांगू.”